बैलवाट्याची अनसामाय

अनसामाय कोणाच्याही गोठ्यात विचारून शिरत नसे. दार लोटायची, चपला न काढता आत यायची आणि बैलाच्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घ्यायची. घरात जेवण चाललंय की भांडण, तिला काही घेणं नव्हतं. वास घेऊन झाला की बैलाच्या मांडीवरून उलटा हात फिरवायची, मग शेणाकडे पाहायची आणि सगळ्यात शेवटी घरच्या माणसाकडे. तोवर तिनं तुम्हाला 'काय, बरं हाय ना' एवढंही म्हटलेलं नसे.

"ह्याले सरकी भिजवून नाही देल्ली तुवं."

"देल्ली की वो माय."

"खोटं कायले बोलतं? बैल सांगून राह्यला ना मले."

तिच्या पदराच्या टोकाला खडेमीठ बांधलेलं असे. जाताना एक खडा बैलाच्या जिभेवर ठेवायची. आमची पोरं हात पुढे करायची, तर "तुमी काय नांगर वढता?" म्हणून चालती व्हायची. लहान पोराच्या डोक्यावरून तिनं हात फिरवलेला मी पाहिला नाही. स्वतःच्या लेकाशीही बैलाशी बोलावं तसंच बोलायची, हनुवटीला धरून. तो मोठा झाल्यावर बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत लागला. गाव म्हणायचं, आईच्या हातातून हनुवटी सोडवायला गेला.

दुसऱ्याच्या बैलाची इतकी पंचाईत तिला कशाला, असं बाहेरचा माणूस विचारायचा. कारण बैलवाटा. बाजारहत्नूरच्या अलीकडचं आमचं गाव, कापूस आणि ज्वारी पिकवणारं. तिथल्या काही घरांनी आपसांत ठरवलेलं होतं: वाट्यातल्या कोणाचा बैल मेला, तर बाकीच्या घरांनी आपापल्या बैलामागे ठरलेलं माप ज्वारी द्यायची. ती विकून बाजारातून दुसरा बैल आणायचा. नवा बैल येईपर्यंत इतरांच्या जोड्यांनी आळीपाळीनं त्याचं वावर वाहून द्यायचं. हे अनसामायच्या सासऱ्यानं सुरू केलं आणि सासरा गेल्यावर, नवरा असून नसल्यासारखा होता म्हणून, तिच्याकडे आलं. तिला कोणी निवडलं नव्हतं. पण तिच्याइतकं दारोदार फिरायला कोणाला वेळ होता?

ह्यात मालक कोण होता? ज्याचा बैल तोच. भरायचं कोणी? त्यानंच. मला चार इयत्तांपलीकडचं काही येत नाही, पण एवढं मला तेव्हाही समजत होतं. भरणारा आणि ठरवणारा एकच असला, की कोण येतोय, कसला बैल आणतोय, हे माणूस डोळे फाडून पाहतो. अनसामाय ते एका वाक्यात सांगायची, "तुह्या बैलात माही ज्वारी हाय." हे म्हणताना ती असं बघायची की बैलाच्या पोटात हात घालून ज्वारी परत काढून घेईल.

आम्ही त्या वाट्यात कसे गेलो ते सांगते.

आम्ही बौद्ध. मेलेलं ढोर ओढून नेणं हे पूर्वी आमच्या लोकांवर लादलेलं काम होतं. माझ्या सासऱ्याच्या पिढीनं ते टाकून दिलं. गाव त्यावरून कितीतरी वर्षं धुमसत होतं. एकदा उन्हाळ्यात वाट्यातल्या एका घरचा बैल मेला. दुपारपर्यंत तो फुगून आला, तरी माणसं कडुनिंबाखाली नुसती उभी. कोणीतरी आमच्या गल्लीत निरोप धाडला. माझा नवरा गेला आणि म्हणाला, "आमी सोडलं ते काम. ज्याचं ढोर त्यानं वढावं." मग बोलाचाली सुरू झाली. माझ्या नवऱ्याच्या अंगावर दोघे धावून आले.

अनसामाय आली. तिनं भांडणाकडे पाहिलंच नाही. "दोर आना," म्हणाली. कोणी आणेना, तर स्वतः घरात जाऊन नाड्याचा दोर घेऊन आली आणि बैलाच्या मागच्या पायांना गाठ मारली. शेतकऱ्याची सून, डोक्यावर पदर, आणि मेलेल्या ढोराला हात. माणसांची तोंडं वाकडी झाली.

"ज्याचा वाटा, त्यानं दोर धरावा," ती म्हणाली. "माहा वाटा हाय. मी धरला."

एकटीनं ओढला. बैल बोटभरही हलला नाही. ती पाय रोवून ओढतच राहिली, तोंड लालबुंद. शेवटी तिच्या दिराला लाज वाटली, त्यानं हात लावला. मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. गावाबाहेर नेऊन त्यांनीच खड्डा केला.

आमच्या लोकांवर उपकार म्हणून तिनं हे केलं असं मी म्हणणार नाही. बैल कुजला तर बाकीच्या ढोरांना रोग लागेल, एवढंच तिला दिसत होतं. पण त्याच संध्याकाळी ती आमच्या गोठ्यात शिरली. आमची जोडी नवीन होती. मूठभर पडीक जमीन पदरात पडलेली, ती कसायला नवऱ्यानं घेतलेली. त्या जोडीच्या जोरावर आम्ही दुसऱ्याच्या वावरात राबणं सोडणार होतो. वास घेऊन झाल्यावर ती म्हणाली, "वाट्यात येता काय?"

नवरा म्हणाला, "आमाले कायले घेता?"

"घरं वाढले तं माप कमी बसते. अन् तुमचं आंगन माह्या वाटेवर हाय. येता-जाता पायता येते."

"अन् ढोर मेलं तं वढाले आमालेच बलावसान."

"वाट्यात असान तं वढसान. माह्या बैलाले तू, तुह्या बैलाले मी."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चहा केला. तिनं घेतला नाही. गोठ्यात चालत होतो, पण आमच्या घरच्या कपात नाही. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही, पुढच्या वर्षीही नाही. मग एका हिवाळ्यात तीच म्हणाली, "चहा-गिहा करतं का नाही कधी? थंडीनं मरून राह्यली मी." मी केला. ती प्यायली, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "साखर लय टाकतं तू." त्यापुढे त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही.

पण वाट्यात घेताना तिनं आमचा एकच बैल घेतला. दुसरा नाही. का? तर त्याच्या पाठीवर गोम होती. गोम म्हणजे केसांचा उलटा पट्टा, अपशकुनाचा समजतात.

"घरधन्याले खाते असा बैल," ती म्हणाली.

"खाऊ द्या, घरधनी माहा हाय," मी म्हणाले. "बैल तं चांगला तगडा हाय ना?"

"तगडा हाय. पन गोम हाय."

मी पुष्कळ भांडले. ती ढिम्म. जोडीतला एक बैल वाट्यात, एक बाहेर, असं गावात फक्त आमचं होतं. लोक हसायचे. तो गोमीचा काळ्या पुढे कितीतरी वर्षं जगला, कधी लंगडलासुद्धा नाही, आणि माझा नवरा अजून समोर बसून खोकतोय. ती मात्र दर खेपेला काळ्याकडे संशयानं पाहून म्हणायची, "अजून हाय वाटते हा?" ह्या एका गोष्टीत ती ठार अडाणी होती. मी तिला तोंडावर तसं म्हटलंही. तिच्यावर काही परिणाम झाला नाही.

गोमीचा बैल ती घेत नसे, म्हातारा घेत नसे, नदीपलीकडचा तर मुळीच नाही. "तिकडचा गोठा मले दिसत नाही," म्हणायची. लाकडाच्या गाड्या ओढणाऱ्याचा बैलही नको. ह्यामुळे कितीजण बाहेर राहिले आणि त्यातले काही आमच्याहून गरीब होते, हे खरं. वाटा म्हणजे काही धरमशाळा नव्हती.

तिचा सख्खा पुतण्या दिगांबर वाट्यात होता. त्यानं चोरून आपली जोडी सागवानाच्या गाडीला लावली. घाटात गाडी उलटी ओढली गेली आणि एक बैल तिथंच कोसळला. रीत अशी होती, की बैल मेला की वाट्यातल्या पाच जणांनी येऊन त्याला हात लावायचा आणि ज्वारी द्यायची की नाही हे मालकासमोरच बोलायचं. अनसामायनं त्या बैलाच्या मानेवरची सोललेली कातडी पाहिली.

"हा मेला नाही," ती म्हणाली. "तुवं मारला."

"काकू, घरचा मानूस हाओ मी."

"म्हनून तं पहिले मीच बोलली. बाकीचे लाजून राह्यले."

दिगांबरला ज्वारी मिळाली नाही. तो त्या दिवसापासून तिच्याशी बोलेना, ते मनात धरून बसला.

पुढे काही वर्षांनी तोच एका शेठला घेऊन आला. शेठची कापसाची जिनिंग होती आणि बाजारहत्नूरला बियाण्या-खताचं दुकान. तेव्हा आंध्रात गावोगाव चिटफंडवाले फिरत होते, कोणी बचत मागे, कोणी दामदुप्पट देतो म्हणे. शेठनं धंद्यासाठी बैल धरला. शाळेच्या ओट्यावर सगळ्यांना बसवलं, चहा-बिस्किटं दिली आणि हिंदीत बोलला.

"दस-बीस घर मिलके क्या होता? एक बीमारी आयी तो सब डूबे. हम सौ गाँव का वाटा करेंगे. कंपनी बनायेंगे. तुम सब मालिक, हर घर को हिस्से का कागज. बाकी पैसा मैं डालता."

ज्वारीच्या ऐवजी दर वर्षी आधीच पैसे भरायचे, बैलाच्या कानात पत्र्याचा बिल्ला टोचायचा, बैल मेला की कंपनी दुसऱ्या बैलाचे पैसे देणार. दिगांबर एजंट. दर बिल्ल्यामागे त्याला कमिशन.

अनसामाय मागं भिंतीला टेकून उभी होती. "तिकडच्या गावचे गोठे कोन पायनार?"

"देखने की क्या जरूरत, माई? बिल्ला रहेगा ना."

"अन् लाकडाच्या गाडीचे बैल?"

"उनके भी लेंगे. ज्यादा बैल, ज्यादा कमाई."

"ज्यादा बैल म्हंजे ज्यादा मरनार."

दिगांबर उठला. "काकू, तुमाले फक्त नाही म्हनता येते. काळ्याले काऊन नाही घेतलं? गोम हाय म्हनून. असा चालवता तुमी वाटा." माणसं खळखळून हसली. मीही हसले, कारण ते खरं होतं. त्या हसण्यात सभा त्याच्या बाजूला गेली. हात वर झाले. माझ्या नवऱ्याचाही झाला. काळ्याला पहिल्यांदा कोणीतरी घेत होतं.

अनसामायनं हात वर केला नाही, कागदही घेतला नाही. "माही जोडी वगळा," म्हणाली आणि घरी गेली. पण बैलवाटा मोडल्यावर तिची जोडी कोणाच्या आधारानं राहणार होती? ती एकटीच उरली.

आता ज्याचा मला आजही संताप येतो ते सांगते. पुढच्या पेरणीला शेठचा मुनीम दारोदार आला. हिस्स्याचा कागद द्या, सरकीच्या बियाण्याची पिशवी घ्या. आम्ही दिला. जवळजवळ सगळ्या घरांनी दिला. कारण आमच्या डोक्यात वाटा बैलाचा असतो. बैल आपल्या गोठ्यात आहे, कानात बिल्ला आहे, मग वाटा जातो कुठं? मालकपण कागदात असतं आणि कागद गेला की ते शेठच्या कपाटात जाऊन बसतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. मी अनसामायला विचारायला गेले होते. तिलाही कळलं नाही. "देऊन टाका," ती म्हणाली. "कागदाले काय शिंगं हायत? बियानं तरी येईन." तिच्या सासऱ्यापासून कोणी कागदावर मालक झालेला तिनं पाहिलाच नव्हता.

पहिलं वर्ष झक्क गेलं. दोन-तीन बैल मेले, शेठनं पैसे दिले आणि नव्या बैलांना हार घालून फोटो काढले. बाजारहत्नूरला दुकानाशेजारी गाळा घेतला, पाटी लावली. दिगांबर मोटारसायकलवर फिरू लागला. उटनूरकडच्या जंगलातल्या गावांपर्यंत गेला. आठवडी बाजारात उभा राहून बिल्ले टोचायचा; म्हातारा, लंगडा, सागवान ओढणारा, जो कान समोर येईल तो. त्याला काय? बिल्ल्यामागे कमिशन. बैल मेल्यावर त्याच्या घरची ज्वारी जाणार नव्हती. शेठला काय? आला तेवढा नफा वर्षाअखेर काढून घेत होता. आणि आमच्या गावचे लोकही काही संत नव्हते. जो माणूस पूर्वी अनसामायच्या भीतीनं सरकी भिजवायचा, तोच आता म्हणायचा, "मेला तं मेला, कंपनी हाय." कडबा विकायचे आणि बैलांची हाडं मोजता यायची.

ती मात्र सवयीनं गोठ्यागोठ्यात शिरत होती. एका घरी मी समोर होते. तिनं बैलाच्या मांडीवर हात फिरवला आणि म्हणाली, "उपाशी हाय हा." त्या घरचा माणूस खाटेवर लोळत होता. उठला नाही.

"आता कायले येता माय? तुमची ज्वारी नाही आता ह्यात."

त्याला ती काहीतरी जळजळीत बोलेल म्हणून मी वाट पाहत होते.  तिचा हात बैलाच्या मांडीवर तसाच राहिला. मग काढून घेतला, लुगड्याला पुसला आणि बाहेर पडली. पुन्हा ती कोणाच्या गोठ्यात न बोलावता शिरली नाही. वर्षानुवर्षं जिचा आम्हाला जाच वाटायचा, ती आता रस्त्यानं नुसती सरळ चालत जायची. मला ते बघवत नसे, पण मीही तिला आत बोलावलं नाही. माझ्या बैलातही तिची ज्वारी नव्हतीच ना.

तिसऱ्या पावसाळ्यात घटसर्प आला. गळा सुजतो, श्वास घरघरतो, बैल उभा राहत नाही. आधी जंगलाकडच्या गावांत आला, मग गाड्यांच्या बैलांबरोबर उतरत आमच्याकडे. उपाशी बैल त्यात पटापट गेले. आमचा गेला तो वाट्यातला, बिनगोमीचा. काळ्या तसाच रवंथ करत उभा. दाराशी आलेल्या अनसामायला मी म्हणाले, "पाहा, मेला तो तुमचा शकुनाचा."

"ह्याच्यामुळंच मेला," ती काळ्याकडे बोट करून म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

नवरा बाजारहत्नूरला गेला तर गाळ्याला कुलूप. दिगांबर बेल्लमपल्लीला मेहुण्याकडे पळालेला. शेठ बियाण्याच्या दुकानात बसला होता, नेहमीसारखा. म्हणाला, "कंपनी बैठ गयी. जितना मेरा हिस्सा था, डूब गया. मैं भी बर्बाद हूँ." मागे पोत्यांची थप्पी छताला लागलेली. नवरा म्हणाला, आम्ही पण मालक आहोत, सभा बोलवा. शेठ म्हणाला, "कागज दिखाओ." तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला.

त्याचं काय बुडालं? टाकलेलं त्यानं नफ्यात कधीच काढून घेतलं होतं. वर गेलं तर त्याचं, खाली गेलं तर आमचं. एमआरओच्या, म्हणजे आमच्याकडच्या तहसीलदाराच्या, ऑफिसात अर्ज दिला. साहेब म्हणाले, कंपनीला परवाना होता का? आम्हाला काय ठाऊक! तो अर्ज अजून तिथंच असेल.

नवरा रिकाम्या हातानं परत आला. बैल अंगणात पडलेला, वरून पाऊस. पेरणी तोंडावर आणि गोठ्यात एकच बैल. एका बैलानं वावर होत नाही. वावर पडीक राहिलं की आम्ही पुन्हा दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला उभे, हे मला आणि नवऱ्याला न बोलता कळत होतं. मी म्हणाले, दोर आणा, ओढू. अनसामाय दारात उभी होती.

"थांबा," ती म्हणाली. "मालकाले येऊ द्या."

"कोन मालक?"

"शेठ. कागद त्याच्यापाशी हायत ना? मंग बैल त्याचा."

मला वाटलं, तिचं डोकं फिरलं. तिनं आमच्याच गोठ्यातला दोर काढून खांद्यावर टाकला आणि चालू लागली. म्हणून मी मागं गेले. पावसात चिखल तुडवत आम्ही बाजारहत्नूरला पोचलो. ती शेठच्या दुकानाच्या पायरीवर बसली, दोर मांडीवर.

"चला शेठ. तुमचा बैल मेला हाय. वढाले चला."

"मेरा बैल? पागल हुई क्या माई?"

"सगळे हिस्से तुमच्यापाशी. ज्याचा वाटा, त्यानं दोर धरावा. आमच्याकडं रीत हाय."

शेठ हसला. गिऱ्हाइकंही हसली. ती बसून राहिली. गिऱ्हाईक आलं की त्याला सांगायची, "बियानं मंग घ्या. शेठले पहिले बैल वढाले जाचं हाय." दुपारी नदीपलीकडच्या गावचा एक गोंड शेतकरी आला. ज्याचा गोठा तिला दिसत नव्हता म्हणून तिनं कधी घेतलं नसतं, असा. त्याचाही बिल्ला टोचलेला बैल मेला होता. त्यानं विचारलं, मी सांगितलं. तो गेला आणि दोर घेऊन आला. तिच्याशेजारी बसला. मग आणखी एक. आमच्या गावची माणसं आली, त्यात तो खाटेवर लोळणाराही होता. संध्याकाळपर्यंत पायरीपासून रस्त्यापर्यंत माणसं दोर घेऊन बसलेली. कोणी ओरडत नव्हतं. अधूनमधून एखादा म्हणे, "चला शेठ, बैल फुगून राह्यला," आणि सगळे हसत. ते हसणं शेठला ओरडण्यापेक्षा जास्त लागत होतं.

शेठनं पोलिसांना बोलावलं. जीपमधून फौजदार उतरला. "एंदम्मा इदी?" त्यानं विचारलं. हे काय चाललंय, म्हणून. हवालदारानं आमचं त्याला तेलुगूत सांगितलं. फौजदारानं शेठकडे पाहिलं. "बैल तुम्हारे?"

"मेरे नहीं साब. कंपनी के."

"कंपनी किसकी?"

"हिस्से मेरे हैं. लेकिन बैल..."

फौजदाराच्या मिशीखाली हसू आलं. ते त्यानं गिळलं आणि आम्हाला उठवलं. शेठला तो काहीच म्हणाला नाही. शेठनं दुकान बंद केलं आणि त्याच जीपमध्ये बसून गेला. त्याला घरापर्यंत सोडायला पोलीस होते. आमचा बैल ओढायला कोणी नव्हतं. 

"आला नाही," अनसामाय म्हणाली. तिला खरंच वाटलं होतं तो येईल. सगळे हिस्से घेऊन माणूस आपल्या ढोराला शिवणार नाही, हे तिच्या समजुतीत बसतच नव्हतं.

आमचा बैल दुसऱ्या दिवशी जुन्या वाट्यातल्या माणसांनीच ओढला. पेरणीला तिनं आपला एक बैल काळ्याच्या जोडीला दिला. गोमीच्या बैलाशेजारी आपला बैल जुंपताना तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होती. वावर झालं. आम्ही मजुरीला गेलो नाही. त्या बदल्यात माझ्या नवऱ्याकडून तिनं दिवसाला दिवस राबवून घेतला, एकही सोडला नाही. वाटा पुन्हा करू म्हणून ती काही घरांत बोलली. लोक हो म्हणाले आणि ज्वारी द्यायची वेळ आली तेव्हा गप्प बसले. बऱ्याच गोठ्यांत बैल उरले नव्हते. भाड्याचे ट्रॅक्टर येऊ लागले होते.

नंतर काही वर्षांनी दुसऱ्या एका कंपनीचा माणूस गावात आला. ही मोठी कंपनी होती, परवान्याची. शाळेच्या ओट्यावर बसून तो एकेकाचं जनावर लिहून घेत होता. स्वच्छ शर्ट, गोड बोलणं. अनसामाय फार म्हातारी झाली होती, पाठ वाकलेली. एकच बैल उरला होता, त्याला पाणी पाजून दाव्यानं ओढत ती तिथून जात होती. त्यानं हाक मारली, "आजी, या की. तुमच्या बैलाचाही विमा काढू."

ती थांबली. त्याच्या अगदी जवळ गेली. मला वाटलं, आता ह्याचीही हनुवटी धरते.

"माहा बैल मेला तं तुह्या घरचं काय जाते, बापू?"

त्याला प्रश्न कळलाच नाही. मग कळला, तसा तो मनापासून हसला. "माझं काय जाणार आजी? माझं काहीच जात नाही."

"तुह्या साहेबाचं?"

"साहेबाचंही नाही. तुम्ही कशाला काळजी करता?"

तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. रागानं नाही. आजारी जनावराकडे पाहायची तसं. मग वळली. तो मागून म्हणाला, "आजी, अंगठा तरी द्या!" तिनं मागं पाहिलं नाही. ऊन चढलं होतं. बैल ओट्याच्या सावलीत रेंगाळत होता, त्याला दाव्यानं ओढत, स्वतःही त्याच्या अंगावर रेलत, ती आपल्या घराच्या दिशेनं चालत गेली. मी रांगेतल्या बायकांच्या डोक्यांवरून पाहत होते. वळणावर आधी ती दिसेनाशी झाली, मग बैल.